उद्या या बरं का

बुधवारी सकाळी लुंबिनी सोनकांबळे दवाखान्याचा जिना चढायला लागली, तर पाय ठेवायला जागा नव्हती. पायरीपायरीवर माणसं बसलेली. कुणी हिमायतनगरहून पहाटेची गाडी धरून आलेलं, कुणी नातवाच्या खांद्याला धरून उभं, एक आजी तर फडकं सोडून भाकरी खाऊन राहिल्या होत्या. आज काय आहे, असं तिनं एका आजोबांना विचारलं. त्यांना ऐकू आलं नाही. ज्यांना ऐकू आलं ते म्हणाले, "फोन आला की बाई. तुम्हीच बोलावलं न्हवं का?"

नांदेडच्या डॉक्टर लेनमधला हा कान-नाक-घशाचा दवाखाना आरती मॅडमचा. लुंबिनी तिथं कान तपासायची. कुणाला कोणता आवाज येतो, कोणता येत नाही, कुणाला कानाची मशीन लागेल, ती कशी बसवायची, हे सगळं तिच्याकडे. गेल्या महिन्यात मॅडमनी लातूरच्या एका छोट्याशा कंपनीकडून फोनची नवी सोय घेतली होती. ज्याची तारीख उद्या असेल त्याला आज संध्याकाळी फोन करून आठवण द्यायची, आणि तीही माणसानं नाही, कॉम्प्युटरनं. काल संध्याकाळी त्या कॉम्प्युटरनं कुणाचीच तारीख पाहिली नाही. जुने-नवे जेवढे पेशंट होते त्या सगळ्यांना 'उद्या सकाळी दहा वाजता' सांगून तो मोकळा झाला होता.

काउंटरवरच्या उमाबाई एका हातानं गर्दी आवरत होत्या आणि दुसऱ्या हातात फोन धरून लातूरवाल्यांचा उद्धार करत होत्या. लुंबिनीनं पर्स कपाटात टाकली, पहिला कागद उचलला आणि दारातून हाक मारली, "नरसिंग... नरसिंग कोण आहे?"

बाकावरून एक तरुण उठला. निळा शर्ट, खांद्याला काळी बॅग, पावसानं केस थोडे ओले. "मॅडम, मी—"

"आत सांगा. इथं काही ऐकू येणार नाही."

आतल्या काचेच्या खोलीत तिनं त्याला खुर्चीवर बसवलं. भिंतींना जाड गादी लावलेली ती खोली. दार लागलं की बाहेरचं नांदेड बंद. त्यानं पुन्हा तोंड उघडलं, तोवर तिनं त्याच्या कानांवर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हणून खुणेनं सांगितलं आणि दार लावून घेतलं.

काचेतून तिला दिसलं, तो आधी हसला. मग त्याचं हसू ओसरलं आणि तो गुपचूप बटण धरून बसला.

उजवा कान नामी निघाला. अगदी बारीक, पाचोळा हलावा तेवढ्या आवाजालाही त्याचं बोट हललं. मग तिनं डाव्या कानात आवाज सोडला. बोट हललं नाही. तिनं आवाज वाढवला, उजव्या कानाला मदत करता येऊ नये म्हणून त्यात सूं... असा नुसता वारा सोडला, आणखी वाढवला. तो काचेतून तिच्याकडे बघत होता. या खुर्चीत बसून अंदाजानं बटण दाबणारी पुष्कळ माणसं तिनं पाहिली होती. तपासणीलाही परीक्षा समजून चार मार्क जास्त मिळवायला बघणारी. यानं मात्र एकदाही खोटं दाबलं नाही.

तिनं दार उघडलं. "डाव्या कानाला काहीच येत नाही तुम्हाला. कधीपासून?"

"दुसरीत होतो. गालगुंड झाले होते." तो उठला, बॅग खांद्याला अडकवली. मग जरा अडखळत म्हणाला, "मॅडम, मी नरसिंग नाही. मी आनंदराज बनसोडे. लातूरहून... ती तुमची फोनची मशीन आहे ना, ती बघायला आलोय. रात्रीच कळलं, म्हणून पहाटेच निघालो."

लुंबिनीनं हातातला कागद पुन्हा वाचला. "मग आत कशाला बसलात?"

"तुम्ही बसवलंत." तो पुन्हा हसला, पण आता त्याची नजर खाली होती. "आणि... लहानपणापासून कुणी नीट तपासलंच नव्हतं. म्हटलं, बघू तरी."

जाताना त्यानं हळूच सांगितलं, ऑफिसात हे कुणाला माहीत नाही, काम दिवसभर फोनवरचं आहे. तिनं ग्राफचा कागद घडी घालून त्याच्या हातात दिला. इथं आलेल्या माणसाचं काही इथून बाहेर जात नाही, असं ती म्हणाली. मी पेशंट कुठे आहे, असं तो म्हणाला.

"आता झालात," लुंबिनी म्हणाली, आणि बाहेर जाऊन खऱ्या नरसिंगला हाक मारली.

मशीन दुपारपर्यंत ताळ्यावर आली. पण नंतरच्या आठवड्यात वेगळीच गोष्ट पुढे आली. फोन आता बरोब्बर माणसाला, बरोब्बर तारखेसाठी जात होते, आणि तरी माणसं येत नव्हती. आनंदराज दर बुधवारी लातूरहून यायला लागला. यायला-जायला अर्धा दिवस मोडायचा. खरं तर बरंचसं काम तिकडे बसूनही होण्यासारखं होतं, असं उमाबाईंनी कुणाला उद्देशून नाही, पण लुंबिनीला ऐकू जाईल असं एकदोनदा म्हटलं.

कोडं सोडवलं ते हिमायतनगरच्या कस्तुराबाईंनी. तारीख हुकल्यावर पंधरवड्यानं त्या कानाच्या मशीनची बॅटरी बदलायला आल्या, तेव्हा फोन आला नव्हता का, असं आनंदराजनं त्यांच्या समोर उकिडवं बसून विचारलं. आला होता, पण सुनेनं कापला, असं त्या म्हणाल्या. "लई शुद्ध बोलून राहिली होती ती बाई. असल्या बाया लोनसाठीच फोन करतेत."

त्या शुद्ध बोलणाऱ्या बाईचा आवाज कंपनीनं कुठूनतरी तयार आणला होता. 'आपल्या पूर्वनियोजित भेटीचे स्मरण करून देत आहोत,' असं ती म्हणायची. आनंदराजनं ते वाक्य दोनदा ऐकवलं आणि मग लुंबिनीकडे बघत राहिला. तिला त्या बघण्याचा अर्थ कळला, आणि ती आधीच नाही म्हणाली. आपल्या आवाजात काय आहे, असं तिचं म्हणणं. तो म्हणाला, माणसं ओळखतात तुम्हाला, ते आहे.

डॉक्टर लेनमध्ये शांत जागा एकच, काचेची खोली. बाहेर रिक्षांचे भोंगे, खाली रसवंतीच्या घुंगरांचा खुळखुळाट. तेव्हा पेशंटच्या खुर्चीत लुंबिनी बसली आणि तिच्या जागी, काचेपलीकडे, आनंदराज. त्यानं हेडफोनचा उजवा भाग कानाला दाबून धरला आणि डावा तसाच गळ्याशी लोंबू दिला. ऑफिसात तो असं करत नसेल, हे तिच्या लक्षात आलं. तिच्यासमोर करत होता.

पहिल्यांदा ती रेल्वे स्टेशनवरच्या बाईसारखी बोलली. त्यानं मान हलवली. कस्तुराबाईंना जिन्यापर्यंत सोडताना सांगता तसं सांगा, तो माईकवरून म्हणाला. तिनं डोळे मिटले, कस्तुराबाईंचा सुरकुतलेला हात आठवला.

"नमस्कार. आरती मॅडमच्या दवाखान्यातून लुंबिनी बोलतेय. उद्या तुमची तारीख आहे. उद्या या बरं का. कानाची मशीन संगट आणा. येणार असाल तर एक दाबा."

डोळे उघडले तर तो तसाच बसलेला.

"पुन्हा एकदा," तो म्हणाला.

ती पुन्हा बोलली. त्यानं पुन्हा बोट वर केलं. तिसऱ्यांदा झालं, चौथ्यांदा झालं. शेवटी तिनं विचारलं, "कुठं चुकून राहिलंय?"

"चुकलं नाही."

"मग?"

काचेपलीकडे तो बराच वेळ वायरीची गाठ सोडवत राहिला, जी मुळात नव्हतीच. "मला ऐकायचं होतं," तो म्हणाला.

लुंबिनी दार उघडून बाहेर आली, तेव्हा उमाबाईंनी तिच्या तोंडाकडे बघून पंखा वाढवला.

नव्या आवाजानं काम झालं. माणसं यायला लागली; एवढंच नाही, ती फोनशी बोलायलाही लागली. एक दाबायचं सोडून सरळ उत्तर द्यायची. ती उत्तरं मशीनमध्ये राहायची, आणि बुधवारी आनंदराज लुंबिनीला ऐकवायचा. 'हाव माय, येतो की, पर गाडी उशिरा हाय.' 'मशीन पोरानं पाण्यात टाकली वो बाई, रागवू नका.' एका आजोबांनी तर सगळा निरोप शांतपणे ऐकून घेतला होता आणि शेवटी विचारलं होतं, 'जेवली का?' ते ऐकून लुंबिनी इतकी हसली, की तिला खुर्चीवर बसावं लागलं. हसून झाल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं रुमाल पुढे केला, आणि मग तो घडीचा नाही म्हणून परत घेतला.

"तुम्हाला कसं कळतं, फोन बरोबर जातोय म्हणून?" तिनं एकदा विचारलं.

चाचणीसाठी यादीत माझा नंबर टाकलाय, असं तो म्हणाला.

"म्हणजे तुम्हालाही येतो?"

"येतो."

"केव्हा केव्हा?"

"रोज संध्याकाळी." आणि तिच्या भुवया वर गेलेल्या बघून, अगदी गंभीर चेहऱ्यानं, "मशीन आहे. भरवसा नाही धरता येत."

सप्टेंबरात विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले आणि सगळं नांदेड पाणी बघायला लोटलं. एका रविवारी आनंदराजही आला. दवाखाना बंद होता, मशीन ठीक होती, आणि यायला कारण म्हणून त्यानं काही सांगितलंही नाही. लुंबिनीनं घरी सांगितलं, लातूरच्या बनसोडेंना धरण दाखवून आणते. तिची आई, महामाया, या बनसोडेंचं नाव जेवताना बरेच दिवस ऐकत होती. ती नुसतं म्हणाली, छत्री ने.

धरणापाशी आवाज म्हणजे नुसता आवाज. दरवाज्यांतून गोदावरी पांढरीफेक कोसळत होती, तुषार रस्त्यापर्यंत उडत होते, आणि कठड्याला टेकलेली माणसं एकमेकांच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडत होती. आनंदराज तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "बघा. इथं सगळेच माझ्यासारखे."

मग ते मागं आले. भाजलेल्या कणसांची गाडी होती, शेजारी दगडी ओटा. तिथं बोललेलं ऐकू येत होतं. इतक्या दिवसांत लुंबिनीनं एक गोष्ट पाहून ठेवली होती. तो कुठंही बसताना आधी जागा बघायचा आणि समोरचा माणूस आपल्या उजवीकडे येईल अशा बेतानं बसायचा, चहाच्या टपरीवरसुद्धा. इतक्या सहज, की कुणाला कळू नये. आज तो तिच्या अशा अंगाला बसला, की ती त्याच्या डावीकडे आली.

"चुकीच्या बाजूला बसलात," ती म्हणाली. ते त्याला ऐकू आलं नाही. तिनं त्याच्या बाहीला हात लावला, त्यानं मान वळवली, आणि तिनं पुन्हा सांगितलं.

"चुकून नाही बसलो." त्यानं कणसावरचं मीठ उगाच झटकलं. "बाकीच्यांना उजवीकडे ठेवतो, कळू नये म्हणून. दिवसभर हेच डोक्यात चालू असतं. कोण कुठं उभं आहे, कोण मागून हाक मारील... तुमच्यापासून काय लपवायचं? तुमच्याजवळ आलं की ते सगळं थांबतं. बरं वाटतं."

एवढं बोलून तो पुन्हा पाण्याकडे बघत कणीस खायला लागला, जणू हवापाण्याचं बोलला. लुंबिनीचा घास तोंडातच राहिला. तिनं त्याच्याकडे पाहिलं. कानामागे ओल्या केसांची एक बट चिकटली होती. ती त्याच्या त्या बंद कानाशी झुकली आणि हळूच काहीतरी बोलली.

कानाला तिचा श्वास लागला असेल, तो वळला. "काय म्हणालात?"

काही नाही, असं म्हणता आलं असतं. तिच्या जिभेवर आलंही होतं. ती उठली, ओट्याला वळसा घालून त्याच्या उजवीकडे येऊन बसली.

"म्हटलं... मला तुम्ही आवडता."

कणीसवाल्यानं विचारलं, आणखी देऊ का, तर त्यानं नुसतं हातातलं कणीस वर करून दाखवलं. मग म्हणाला, "पुन्हा एकदा?"

"मी काय मशीन आहे?"

"मशीनला बोलायला भीती कसली? तुम्ही मशीन असता तर मी रोज ऐकून गप्प बसलो नसतो," आनंदराज म्हणाला. "पहिल्याच दिवशी बोललो असतो, की लुंबिनी, मलाही..." पुढचं त्याला बोलता आलं नाही, आणि तिला ते ऐकायची गरजही उरली नव्हती. येताना छत्री ओट्यावरच राहिली. महामायानं ती विचारली नाही.

एवढं झाल्यावर पुढचं सोपं असायला हवं होतं. पण चाकूरला आनंदराजच्या आईनं, चांगुणाबाईंनी, पाय रोवला.

त्याचं कारण दोन वर्षांपूर्वीचं होतं. उदगीरकडची एक सोयरीक जमली होती. कानाचं सांगायचं नाही, असं आईनंच ठरवलं होतं. ते कुठूनतरी कळलं, आणि मुलीच्या मामानं अंगणात उभं राहून, चार माणसांत, फसवलं म्हणून ऐकवलं. तेव्हापासून चांगुणाबाई सोयरिकीचा विषयच काढू देत नसत. आता मुलगी कानाचीच डॉक्टरीण आहे म्हटल्यावर तर त्या जास्तच बिथरल्या. आज गोड बोलंल, उद्या भांडणात तोंडावर मारंल, असं त्यांना वाटे. "जिला ठाऊक न्हाई तिला सांगायचं न्हाई," त्या म्हणाल्या, "आन जिला ठाऊक हाय तिच्या दारात जायचं न्हाई."

मग माझं लग्न व्हायचं तरी कसं, असं आनंदराजनं हसून विचारलं. त्या हसल्या नाहीत. उठून गेल्या आणि दिवसभर जेवल्या नाहीत.

हे त्यानं लुंबिनीला सांगितलं तेव्हा तोही हसत नव्हता. तो त्या बुधवारी काचेच्या खोलीच्या दाराला टेकून उभा होता, आणि आईच्या मनाविरुद्ध आपल्याला काही करता येणार नाही, हे त्यानं स्पष्ट सांगितलं. लहानपणी वडील हैदराबादला बांधकामावर असायचे, आईनं दुसऱ्याच्या रानात खपून त्याला वाढवलेलं. मला थोडा वेळ दे, म्हणाला. लुंबिनी बरं म्हणाली. पण महामायानं त्याच आठवड्यात औरंगाबादकडच्या एका स्थळाचा फोटो टेबलावर ठेवला होता, काही न बोलता. त्यामुळे 'थोडा वेळ' म्हणजे किती, हे तिला विचारावंसं वाटत होतं. तिनं विचारलं नाही.

ती चार दिवस विचार करत राहिली. कुणीतरी आपल्या मुलाच्या कानाचं नाव काढलं की आई दिवसभर जेवत नाही, हे तिला नुसत्या अपमानाचं वाटत नव्हतं. दवाखान्यात असल्या आया तिनं पाहिल्या होत्या. राग असलेली आई भांडते. जेवण सोडते ती स्वतःवरच रागावलेली असते.

दुपारी पेशंट संपल्यावर तिनं दवाखान्याच्या फोनवरून चाकूरला फोन लावला.

"मावशी, लुंबिनी बोलतेय, आरती मॅडमच्या दवाखान्यातून..."

पलीकडून चांगुणाबाई कुणाला तरी म्हणाल्या, "काई न्हाई गं, आनंदाची मशीन बोलून राहिली." आनंदराजनं त्यांचाही नंबर चाचणीच्या यादीत घातला होता. फोन कट.

लुंबिनीनं पुन्हा लावला. "मावशी, मशीन न्हाई. मी खरीच—" पुन्हा कट. उमाबाई काउंटरवर हसू दाबत रजिस्टर लावायला लागल्या. तिसऱ्या खेपेला लुंबिनीनं आधी श्वास घेतला.

"जय भीम, मावशी."

या वेळी फोन कटला नाही. मशीन नमस्कार म्हणायची. जय भीम कधीच नाही.

"जय भीम," शेवटी आवाज आला. बारीक, सावध. "कोण?"

लुंबिनीनं लग्नाचं काही काढलं नाही. आनंदराजच्या कानाची लहानपणी नीट तपासणी झाली नव्हती, असं ती म्हणाली. त्याला लहानपणी काय झालं, कसं झालं, हे आईलाच सांगता येईल, म्हणून दोघांनी एकदा यावं. बुधवारची तारीख देते. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

चांगुणाबाईंनी वार दोनदा विचारून घेतला.

"येते," त्या म्हणाल्या. "तारीक चुकवत न्हाई म्या. आता न्हाई चुकवत."

बुधवारी त्या आल्या. उंच, काटक बाई, निळ्या काठाची पांढरी साडी, पायात नवी चप्पल, जी त्यांनी जिन्याखालीच काढून हातात घेतली होती. आनंदराज मागून, परीक्षेला बसवलेल्या पोरासारखा. लुंबिनीनं त्यांना आपल्या खोलीत बसवलं, पाणी दिलं. तपासणी पुन्हा केली; कागद तसाच निघाला. मग तिनं विचारलं, गालगुंड झाले तेव्हाचं काय आठवतं?

चांगुणाबाईंनी ग्लास खाली ठेवला. मुलाकडे पाहिलं नाही.

ताप आला होता, गाल सुजले होते, त्या सांगू लागल्या. सूज उतरली, पण पोरगं हाक मारली की भलतीकडेच बघायचं. मग लातूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं बघितलं, औषध दिलं आणि सोमवारची तारीख दिली. सोमवारी घेऊन या, मोठे डॉक्टर बघतील म्हणून.

"सोयाबीनची रास चालू होती," त्या म्हणाल्या. "रोज अंधारात जायचं, अंधारात यायचं. वार ध्यानात राहीना. आठवलं तवा गुरुवार होता. मग भ्याव वाटलं... डॉक्टर रागावंल म्हणून गेलेच न्हाई. त्या सोमवारी गेले असते तर पोराचा कान वाचला असता. माज्यामुळं गेला त्याचा कान."

आनंदराज जागचा उठला. त्याला हे माहीत नव्हतं. आई, असं काहीतरी तो म्हणाला. दुसऱ्याच्या तारखा आठवून देण्याचं काम तो रोज करत होता, आणि ही तारीख त्याच्या घरात इतकी वर्षं अशीच पडून होती.

लुंबिनी खुर्ची ओढून चांगुणाबाईंच्या अगदी समोर बसली. तिनं घाई केली नाही. गालगुंडात कधी कधी कानाच्या आतली नसच मरते, असं तिनं सांगितलं. मरते ती एकदोन दिवसांत, सूज असतानाच. तुमच्या लक्षात आलं तेव्हाच ती गेलेली होती. तिला तेव्हा औषध नव्हतं. आजही नाही.

"मंजे... सोमवारी आले असते तरी?"

"तरी हा कान असाच राहिला असता, मावशी."

चांगुणाबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "मला बरं वाटावं म्हणून बोलून राहिली का?"

"नाही. तुमची चूक असती तर तीही सांगितली असती. कानाच्या बाबतीत मी कुणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाही."

तरीही तिनं आरती मॅडमना बोलावलं. मॅडमनी कागद पाहिला, दोन प्रश्न विचारले आणि तेच सांगितलं. चांगुणाबाईंनी ते दुसऱ्यांदा ऐकलं. मग पदराचा बोळा करून तोंडाला लावला आणि त्या रडल्या, आवाज न करता, खांदे हलवत. आनंदराज त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला. लुंबिनी बाहेर निघाली, तर त्यांनी तिचा हात धरून ठेवला. सोडलाच नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले, पाणी घेतलं आणि विचारलं, "तुजी माय घरी असती का यावेळी?"

असते, असं लुंबिनी म्हणाली.

"मग चल. मला तिच्याशी बोलायचंय." आनंदराज काहीतरी म्हणायला गेला, तर त्यांनी त्याला हातानंच थांबवलं. "मागल्या बारीला लपवलं. आता म्या सोता सांगते, आन मंग ती काय म्हनती ते बगू."

दुपारची वेळ. महामाया नुकतीच जेवून आडवी होणार, तर दारात ही तीन माणसं. तिनं एकदा लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा मुलाच्या, आणि सतरंजी टाकली. टेबलावरचा औरंगाबादच्या स्थळाचा फोटो तिनं उचलून पेपराखाली सरकवला. ते फक्त लुंबिनीला दिसलं.

जय भीम झाला. पाणी झालं. चांगुणाबाई ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर. लुंबिनी स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेली, पण दाराशीच थांबली. आनंदराज भिंतीला टेकून उभा होता, त्याचं सगळं लक्ष आईच्या ओठांकडे.

"ताई," चांगुणाबाई म्हणाल्या, "पोरगं माजं चांगलं हाय. कामाचं हाय, पितखात न्हाई. पर त्याला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. अजिबात न्हाई. ते आदी सांगते. आता तुमी काय इचारायचं ते इचारा."

बाहेरून भंगारवाल्याची हाक आली आणि गेली. लुंबिनीनं दाराची चौकट घट्ट धरली.

महामायानं शांतपणे पदर नीट केला. "ताई, आमच्या लुंबीचं बोलणं सुरू झालं की दोन कान पुरत नाहीत," ती म्हणाली. "घरात एक तरी कान बंद असलेला माणूस लागणारच होता. तिच्या बाबांनी ऐकून ऐकून काढले दिवस."

चांगुणाबाईंना आधी ते कळलंच नाही. मग कळलं. त्यांच्या तोंडावर हसू हळूहळू आलं, खूप दिवसांनी दार उघडल्यावर यावं तसं अडखळत, आणि मग दोघी बाया एकदम हसल्या. हसता हसता महामायानं विचारलं, जेवलात का, आणि चांगुणाबाईंनी खरं ते सांगितलं, की सकाळपासून काही पोटात नाही. भाकरी थापायला महामाया उठलीच.

आनंदराज पाणी मागायचं निमित्त करून स्वयंपाकघराच्या दाराशी आला. पाण्याचा तांब्या बाहेरच होता. तो नुसता उभा राहिला, आणि लुंबिनीही त्याच्याकडे बघत राहिली. चहाला उकळी येऊन गेली. साखर घातली होती का नाही, ते तिला आठवेना, म्हणून तिनं पुन्हा घातली. तो चहा इतका गोड झाला होता, की चमचा उभा राहावा. सगळ्यांनी तो बिनतक्रार प्यायला, आणि चांगुणाबाईंनी तर आणखी अर्धा कप मागून घेतला.